विषय: आमदारबाईंना द्यायचे पत्र – दुसरा परिच्छेद (शुक्रवारपर्यंत)

सर्वांस सप्रेम नमस्कार,

पत्र शुक्रवारी जायचे आहे आणि दुसरा परिच्छेद अजून अडलेला आहे. ज्या मोठ्या कंपनीचे कर्मचारी मेडिकेड (अमेरिकेतला गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) किंवा स्नॅपवर (सरकारी अन्नमदत) आहेत, तिच्याकडून ‘अशा प्रत्येक कर्मचाऱ्यामागे’ मदतीच्या रकमेएवढा कर घ्यावा, असे मसुद्यात आहे. कर घ्यावा याबद्दल माझे दुमत नाही. हरकत आहे ती या तीन शब्दांना. स्नॅपची पात्रता घरात खाणारी तोंडे किती यावरही ठरते. त्यामुळे एकाच पगारावर नोकरी मागायला आलेल्या दोघांत, दोन मुलांना एकटीने वाढवणारी बाई कंपनीला महाग पडेल आणि सडाफटिंग मुलगा स्वस्त. मग नोकरी कोणाला मिळेल हे सांगायला नको. कर माणसावर न मोजता कमी पगाराच्या तासांवर मोजावा, असे लिहू या.

– माधुरी

माधुरीताई,

सप्टेंबर 2018 मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स आणि प्रतिनिधीगृहातले रो खन्ना यांनी जे विधेयक आणले, त्यात मोजणी मसुद्यातल्यासारखीच होती: 500 किंवा अधिक कर्मचारी असलेली कंपनी आणि मदतीच्या 100 टक्के कर. नोकरी मागायला आलेल्याला सरकारी मदतीबद्दल विचारायला त्यात बंदीही घातली होती, म्हणजे तुमच्या शंकेची सोय तिथे केलेली होती. ते विधेयक मंजूर झाले नाही, पण महिन्याभरातच, 2 ऑक्टोबरला, ॲमेझॉनने तासाला किमान 15 डॉलर देण्याचे जाहीर केले. ‘तुमच्या कामगाराच्या जेवणाचे बिल आम्ही का भरायचे’ हा प्रश्न कोणालाही चटकन समजतो, आणि तासांच्या कोष्टकात तो हरवेल अशी मला भीती वाटते. जीएओच्या (अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्च तपासणारी संस्था) ऑक्टोबर 2020 च्या अहवालात, या दोन्ही योजनांतल्या नोकरदार प्रौढांपैकी सुमारे 70 टक्के लोक आठवड्याला 35 तास किंवा अधिक काम करणारे निघाले. तो आकडा पहिल्या परिच्छेदातून काढू नये.

– श्रीकांत

श्रीकांत,

विचारायला बंदी घालून काय होते, ते मी पाहिलेले आहे. एका मोठ्या दुकानात मी चार वर्षे रात्रपाळी केली. आठवड्याला सरासरी 30 तास भरले की कायद्याने पूर्णवेळ धरतात आणि कंपनीने विमा देण्याचा प्रश्न येतो, हे आम्हाला पाळीच्या कागदावरून कळले. हजेरीच्या यंत्राशेजारी तो कागद लावलेला असे. एका सोमवारी माझ्या नावापुढचे 34 खोडून पेन्सिलीने 28 लिहिले होते, आणि खालच्या सहा नावांपुढेही 28 च. त्याच फळ्यावर फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे स्नॅपसाठी, अर्ज कुठे करायचा याचा फोन नंबर डकवलेला होता. आम्हाला कोणी काहीच विचारले नव्हते, फक्त रेघ कुठे आहे हे वरच्यांना ठाऊक होते. तुझ्या त्या अहवालात पुढे असेही आहे की वर्षभर पूर्णवेळ काम मिळालेले सुमारे निम्मेच होते. तो आकडाही घाल. आणखी एक, परवडणारा विमा न देणाऱ्या मोठ्या कंपनीला 2010 च्या आरोग्य कायद्यातला दंड कर्मचाऱ्याने सरकारी विमाबाजारातला विमा सरकारी सवलतीत घेतला तर लागतो, तो मेडिकेडवर गेला तर लागत नाही. म्हणजे कामगार जितका गरीब, तितकी कंपनी निर्धास्त. हे पत्रात यायलाच हवे.

– वसुधाकाकू

मंडळी,

मंडळाच्या नावाचे पत्र कार्यकारिणीच्या संमतीशिवाय जात नाही. माधुरीताईंनी मसुदा थेट यादीवर टाकण्याआधी सचिवांना दाखवायला हवा होता, एवढे नोंदवून ठेवतो. करमुक्त संस्था म्हणून विधेयकावर मत मांडायची आपल्याला मर्यादित मुभा आहे. उमेदवाराचा पुरस्कार मात्र अजिबात चालत नाही, तेव्हा शेवटच्या ओळीतला आमदारबाईंच्या निवडणुकीचा उल्लेख काढावा.

‘प्रत्येक कर्मचाऱ्यामागे’ याबद्दल माझा अनुभव कडू आहे. मॅसॅच्युसेट्सने 2018 आणि 2019 या दोन वर्षांत असाच अधिभार लावला होता: सरकारी विम्यावरच्या कर्मचाऱ्यामागे वर्षाला 750 डॉलरपर्यंत, आणि तोही पाचाहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक धंद्याला. माझ्याकडे अकरा माणसे होती. मी विमा देऊ केला होता. दोघांनी राज्याचा घेतला, कारण तो त्यांना परवडणारा होता, आणि त्यांचे काही चुकलेही नाही. तरी बिल मलाच आले. ते हातात घेऊन मी त्या दोघांकडे वेगळ्या नजरेने पाहिले, याची मला आजही लाज वाटते. मी पाहिले, तर हजारो माणसे ठेवणारी कंपनी का पाहणार नाही?

– अरविंद (खजिनदार)

अरविंदराव,

सचिवांना आत्ताच पाठवते, चुकले. निवडणुकीची ओळ काढली. नवे वाक्य असे: ‘500 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने ठरावीक दरापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेल्या प्रत्येक तासामागे कर द्यावा, काम अर्धवेळ असो वा पूर्णवेळ, आणि कामगार सरकारी मदत घेत असो वा नसो.’ वसुधाकाकूंचा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात घेतला आहे आणि श्रीकांतचे 70 टक्के जागेवर आहेत, त्यांच्या शेजारी ते निम्मेही. दर किती, हे मी मोकळे सोडले आहे, कारण केंद्राचे किमान वेतन 2009 पासून 7.25 डॉलरवरच आहे आणि ते धरले तर कर कोणालाच लागणार नाही. आकडा उद्या दुपारपर्यंत सुचवा.

– माधुरी

माधुरीताई, ‘मदत घेत असो वा नसो’ यापुढे माझी हरकत नाही. दर 15 डॉलर लिहा.

– श्रीकांत