बाकाला हात असावेत की नसावेत?

गुलबक्षी (धागालेखिका):
रस्त्याकडेच्या बाकांबद्दल बोलायचंय, पण बसण्यापेक्षा उठण्याबद्दल. बाक पसंत करणारी मंडळी त्यावर बसून बघतात, बरं वाटलं की मंजूर करतात. ज्याचे गुडघे झिजलेत त्याची खरी परीक्षा उठताना असते. उठताना माणूस आधी टाचा मागे घेतो, पुढे झुकतो आणि हातांनी रेटा देतो. त्यामुळे बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ४८ सेंमी हवी, खाली टाचा सरकवायला पोकळी हवी आणि बैठकीच्या वर २० सेंमीच्या आसपास बाकाला खुर्चीसारखे हात हवेत. हल्ली काँक्रीटचे जे भरीव ठोकळे बसवतात, त्यांना पोकळी नाही, हात नाहीत, पाठही नाही. फोटोत ते देखणे दिसतात. संधिवाताच्या माणसासाठी त्यांचा उपयोग शून्य.

ब्रिटनच्या परिवहन खात्याच्या सूचनांनुसार वर्दळीच्या पायवाटेवर शक्य तिथे दर ५० मीटरच्या आत बसायची सोय असावी. धडधाकट माणसाला हे अंतर काहीच वाटणार नाही. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाचं घराबाहेर पडणंच त्यावर ठरतं.

माझं स्पष्ट मत: पाठ आणि हात नसलेला बाक यापुढे बसवूच नये.

रातवा:
तीव्र असहमत. बाकाच्या मधोमध हात बसवले जातात ते बहुतेक वेळा म्हाताऱ्यांसाठी नाही, तर कुणी आडवं होऊ नये म्हणून. म्हाताऱ्यांचं नाव फक्त पुढे केलं जातं. लंडनमधल्या कॅम्डेनच्या नगरपालिकेने २०१२ साली बसवलेला काँक्रीटचा बाक आठवा. त्याचा प्रत्येक पृष्ठभाग उतरता. झोपता येऊ नये, स्केटबोर्ड घासता येऊ नये, फटीत काही लपवता येऊ नये, रंगाने खरडता येऊ नये, एवढा सगळा विचार त्यात आहे. पिशवी चोरीला जाऊ नये म्हणून पायांमागे खाचही आहे. बसणाऱ्याला आराम मिळावा हा विचार मात्र मला त्यात कुठे दिसत नाही.

ज्याला रात्री पाठ टेकायला दुसरी जागा नाही, तोही शहराचा रहिवासीच आहे. 'सर्वांसाठी' म्हणताना त्याला वगळायचं असेल तर तसं उघड म्हणा.

गुलबक्षी:
रातवा, हेतूबद्दल तुमचा संशय रास्त आहे. पण हेतू वाईट असला म्हणून उठायला लागणारा आधार काढून टाकायचा, हे मला पटत नाही. हात मधोमध न लावता एका बाजूला सरकवून लावता येतो. लांब बाकावर मग एक भाग छोटा आणि एक सलग मोठा राहतो. आडवं होता येतं, लेकराला कुशीत घेऊन बसता येतं, स्थूल माणसाला अंग चोरावं लागत नाही. मधोमध हात असला की यातलं काहीच जमत नाही.

चाकांवरून:
दोघांच्याही वादात व्हीलचेअरवाला कुठेच नाही. खुर्चीवरून बाकावर सरकायचं तर बाकाचं एक टोक मोकळं लागतं. दोन्ही टोकांना हात असले की माझ्यासाठी तो बाक बंद. म्हणून "हात नसलेला बाक नको" असा सरसकट नियम मला मान्य नाही. शिवाय बाकाशेजारी, त्याच रांगेत, सुमारे ७६ बाय १२२ सेंमी सपाट मोकळी जागा ठेवा. ती बहुधा कुणी ठेवत नाही. मग मला बाकासमोर थांबावं लागतं, येणारे-जाणारे अडखळतात आणि सोबतच्या माणसाशी बोलायचं ते तोंडासमोर तोंड करून. शेजारी शेजारी बसणं ही साधी गोष्ट आहे हो, पण मला ती शहरात फार क्वचित मिळते.

पांढरी काठी:
बाकापेक्षा मला खांबावर अधांतरी लटकणाऱ्या वस्तूंची जास्त भीती वाटते. कचरापेटी, पाटी, फोनची पेटी. काठी जमिनीलगत फिरते. तिला खांब सापडतो, पण त्यातून बाहेर आलेली पेटी सापडत नाही. ती सापडते माझ्या छातीला. अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्याखालच्या नियमांत यावर नेमकी मोजमापं आहेत: जमिनीपासून सुमारे ६८ सेंमी ते २ मीटर या उंचीत भिंतीवरची वस्तू सुमारे १० सेंमीपेक्षा आणि खांबावरची सुमारे ३० सेंमीपेक्षा जास्त पुढे येऊ नये. येणारच असेल तर खालपर्यंत काठीला लागेल असा भाग द्यावा. खर्च जवळपास नाही, फक्त आखणाऱ्याच्या डोक्यात हवं.

आणि पायाला, काठीला जाणवून आम्हाला वाट दाखवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशांची पट्टी! जपानमध्ये सेइइची मियाके यांनी या फरशा शोधल्या, १९६७ साली ओकायामामध्ये अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. इतक्या वर्षांनीही लोक त्या पट्टीवरच सायकल स्टँड आणि कुंड्या ठेवतात. पट्टी मला सरळ कुंडीवर नेऊन आदळते. तुमच्या बाकाला हात असोत वा नसोत, तो पट्टीपासून दूर आणि सगळीकडे एकाच ओळीत असू दे. म्हणजे तो कुठे असेल हे मला आधीच कळेल.

मोजपट्टी:
मी पदपथ आखण्याचं काम करतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. दोन व्हीलचेअर समोरासमोर जायच्या तर सुमारे १८० सेंमी मोकळी वाट लागते. त्यातच दिव्याचा खांब, विजेची पेटी, झाड, बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब). बाक साधारण ६० सेंमी खोल, त्यापुढे बसणाऱ्याचे पाय आणखी अर्धा मीटर. अरुंद पदपथावर बाक म्हणजे चालणाऱ्याची वाट खाणं. दर ५० मीटरचा आग्रह धरलात तर एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण होईल. कमी वस्तू, पण नीट जागी, हेच मला योग्य वाटतं.

गुलबक्षी:
पदपथ अरुंद का आहे, हा प्रश्न बाकाला विचारू नका, शेजारच्या पार्किंगला विचारा. एका मोटारीच्या जागेत बाक, त्याशेजारी व्हीलचेअरची जागा आणि एक झाड आरामात मावतं.

चौकातला:
जागेचं ठीक, पण सगळं जमिनीत गाडायलाच हवं का? शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांतली माणसं कॅमेऱ्याने टिपली. सुट्या खुर्च्या असल्या की लोक बसण्याआधी खुर्ची थोडी तरी हलवतात, असं त्यांना दिसलं. सावलीकडे, सोबत्याकडे, किंवा अनोळख्यापासून जरा लांब. त्यांच्या सल्ल्याने सुधारलेलं तिथलंच ब्रायंट पार्क हे उद्यान १९९२ साली पुन्हा उघडलं ते सुट्या खुर्च्यांसह. माणसं एकसारखी नसतात, तर त्यांना एकच ठरीव जागा का द्यायची?

पांढरी काठी:
उद्यानात जरूर ठेवा. चालायच्या वाटेवर नको. काल नव्हती ती खुर्ची आज असणं म्हणजे माझ्या नडगीला जखम.

रातवा:
आणि त्या खुर्च्या रात्री कुलपात जाणार. पुन्हा तेच. सरकवलेल्या हाताची कल्पना मात्र मला चालेल, सलग भाग माणूस पाय पसरू शकेल इतका लांब असेल तर. नाहीतर ती निव्वळ पळवाट.

चाकांवरून:
मग हात छोट्या भागाच्या बाजूला ठेवा आणि मोठ्या भागाचं टोक उघडं. माझी मोकळी जागा त्या उघड्या टोकाशी. रातवा यांचा माणूसही तिथे मावतो.

मोजपट्टी:
हा आराखडा करता येईल. खाली पोकळी ठेवली की झाडायलाही सोपं. बैठक लाकडी पट्ट्यांची, कारण उन्हात धातू असा तापतो की त्यावर कुणी टेकत नाही. ५० मीटरवर मात्र मी ठाम आहे: सरसकट नको. बसथांबा, दवाखान्याचं दार, चढाचा वरचा टप्पा, इथे आधी.

गुलबक्षी:
चढाच्या वर नव्हे, चढाच्या मध्यावर. वर पोचेपर्यंतच तर दम लागतो. आणि तिथे बाकाबरोबर शेजारची फरशीही सपाट करा, नाहीतर व्हीलचेअर उताराला लागेल.