मॅग्नेटाइट काळं न येता तपकिरी येतंय, साइजचंही काही खरं नाही

लोहकण_२३: नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला को-प्रेसिपिटेशनने (दोन्ही लोहक्षार एकत्र विरघळवून अल्कलीने साका पाडायची पद्धत) मॅग्नेटाइटचे, म्हणजे काळ्या चुंबकीय लोह ऑक्साइडचे, नॅनोपार्टिकल करतेय. फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.७ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १ ग्रॅम, ७० डिग्रीला ढवळत अमोनिया थेंबथेंब सोडते. तीनदा केलं, दोनदा तपकिरी आलं आणि चुंबकालाही धड चिकटत नाही. एक्सआरडीवरून (एक्स-रे डिफ्रॅक्शन) साइज ११ नॅनोमीटर निघते पण डीएलएस (द्रवातल्या कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून साइज काढणारी चाचणी) १८० दाखवतोय, आता खरं कुठलं धरू? आणि गाईड म्हणतात चौकोनी कण पण करून बघ, ते ह्यातच जमेल का?

भट्टीवाला: प्रमाण बरोबर आहे, फेरस एकास फेरिक दोन. आधी फेरसची बाटली बघ, मीठ फिकट हिरवं असायला हवं, कडेने पिवळट तपकिरी झालं असेल तर तुझं फेरस आधीच फेरिक झालंय आणि प्रमाण तिथंच बिघडलं. पाण्यातला ऑक्सिजन निघून जावा म्हणून अर्धा तास नायट्रोजन सोड, मगच दोन्ही क्लोराइड घाल, आणि रिअ‍ॅक्शन संपेपर्यंत नायट्रोजन बंद करू नकोस. अमोनिया थेंबथेंब नको गं, जोरात ढवळत एकदम ओत. थेंबथेंब घातलं की जुने कण वाढत असतात आणि नवे जन्मतच राहतात, मग सगळी लहानमोठी खिचडी. शेवटी पीएच १० च्या आसपास हवा.

सायलीताई: दोन्ही साइज खऱ्या आहेत. एक्सआरडी एकेका स्फटिकाची साइज सांगतो, डीएलएस पाण्यात तरंगणाऱ्या अख्ख्या गुठळीची. वाळवलेली पावडर परत पाण्यात घातलीस ना? ती सुटत नाही. ओली असतानाच सायट्रिक अ‍ॅसिडचं कोटिंग दे, आकडा बराच खाली येईल. आणि मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट (त्याचंच ऑक्सिडाइज झालेलं तपकिरी रूप) हे नुसत्या एक्सआरडीवर ठरवू नकोस, दोघांचे पीक जवळजवळ एकावर एक बसतात, मॉसबाउअर (फेरस-फेरिक लोह वेगळं ओळखणारी स्पेक्ट्रोस्कोपी) मिळालं तर बघ.

भट्टीवाला: चौकोनी मात्र ह्यात नाही जमणार, इथे कण क्षणात बनतात, आकार घडायला वेळच मिळत नाही. त्याला आयर्न ओलिएट (लोह आणि ओलिक अ‍ॅसिडचं संयुग) लागतं, कोरियातल्या ह्यॉन यांच्या ग्रुपने २००४ मध्ये दाखवलेली पद्धत. ते ऑक्टाडेसीन या सॉल्व्हंटमध्ये मिनिटाला साधारण ३ डिग्रीने ३२० पर्यंत न्यायचं, अर्धा तास ठेवायचं, १२ नॅनोमीटरचे गोल कण येतात. जास्त उकळबिंदूचं सॉल्व्हंट घेतलं की कण मोठे. त्यात सोडियम ओलिएट घातलं की ते ठरावीक बाजूंना चिकटून तिथली वाढ अडवतं आणि क्यूब मिळतात. पण ओलिएटमधलं पाणी आधी ११० डिग्रीला व्हॅक्यूममध्ये नीट काढ, राहिलं तर वर गेल्यावर फ्लास्क उसळतो, माझा एकदा सगळा माल कंडेन्सरमधून बाहेर आला होता. फ्यूमहूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खालीच ठेव.

लोहकण_२३: बाटली बघितली दादा, झाकणाजवळ पिवळीच आहे! उद्या नवीन मागवते.