बारा वर्षांच्या पोराला सेकंडहँड कार्बन फ्रेम : हो की नको?

शार्लटवाला_बाबा
आम्ही शार्लटला राहतो आणि पोरगा रॉक हिलच्या ट्रॅकवर बीएमएक्स रेसिंग (छोट्या सायकलींची, उंचवट्यांच्या ट्रॅकवरची शर्यत) करतो, २०१७ आणि २०२४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तोच ट्रॅक. आता इंटरमीडिएट गटात (नवख्यांच्या वरच्या) आहे, उंची पाच फूट, वजन ४२ किलो, ज्युनियर साइझची बाईक लहान पडायला लागली, वळणावर गुडघे हँडलबारला लागतात. ट्रॅकवरच एकाची कार्बन फ्रेम मिळतेय, प्रो साइझ (मोठ्यांची), टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) साडेवीस इंच, दोन सीझन वापरलेली, ६५० डॉलर. तेवढ्यात नवी कार्बन येतच नाही. दुसरा ऑप्शन नवी ॲल्युमिनियमची, एक्सपर्ट साइझ (ज्युनियर आणि प्रोच्या मधली), ४०० ला. माझं मत कार्बनकडे झुकतंय, हलकी आहे, स्टिफ आहे, आणि पोरगं वाढतंय म्हणजे दोनतीन वर्षं बघायला नको. बोला.

चेनस्टे
दादा, मटेरियलचं नंतर बघू, साइझच चुकलीय. पाच फुटाच्या मुलाला साडेवीसची टॉप ट्यूब म्हणजे वाढत्या अंगाचा शर्ट झाला, शाळेत चालतो, गेटवर (शर्यत सुटताना खाली पडते ती फळी) नाही चालत. गेट पडताना त्याला कंबर पुढे फेकता आली पाहिजे, हात आधीच पूर्ण ताणलेले असतील तर फेकणार काय आणि कुठून. पुढे पहिल्या जंपवर मॅन्युअल करायचं, म्हणजे वजन मागे नेऊन पुढचं चाक उचलायचं, ते लांब फ्रेमवर छोट्या मुलाला जमतच नाही, मग तो सवयीने हवेत उडत जातो आणि शेजारचा जमिनीला चिकटून पुढे निघून जातो. एक्सपर्ट घ्या, गप गुमान.

शार्लटवाला_बाबा
स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) छोटा लावला तर? आता ५० मिमीचा आहे, ४० चा टाकतो.

चेनस्टे
सेंटीमीटरभर जवळ येईल फक्त. चाकांमधलं अंतर तेवढंच राहणार ना.

ह्यूस्टनची_आई
मला नाही पटत इतकं कडक. माझ्या मुलीला आम्ही जरा मोठीच घेतली होती, पहिले दोन महिने कुरकुर केली, मग उंची अशी सुटली की विचारू नका. या वयात मुलं वर्षाला दोनतीन इंच वाढतात हो, दर वर्षी ४०० घालायचे का? आणि प्रत्येक ब्रँडची एक्सपर्ट वेगळी, एकाची १९ ची तर दुसऱ्याची साडेएकोणीस, स्टिकर बघून घेऊ नका, टेप लावून मोजा, हेड ट्यूबच्या (हँडलखालची नळी) मध्यापासून सीट ट्यूबच्या (सीटखालची नळी) मध्यापर्यंत.

भट्टीवाला
मी वेल्डिंगच्या धंद्यातला माणूस, माझं दुखणं वेगळं आहे. सगळे "कार्बन स्टिफ" म्हणतात पण कोणासाठी स्टिफ? एलिट रायडर आठ मीटरच्या हिलवरून (स्टार्टचा उतार) गेट सुटताना दोन हजार वॉटच्या वर मारतो, त्याच्या पायाखाली बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस फिरतो तो भाग) हलतं म्हणून त्याला फरक कळतो. ४२ किलोचं पोर पाच मीटरच्या हिलवरून निघतं, ते चांगली ॲल्युमिनियम फ्रेम वाकवूच शकत नाही. वजनाचं म्हणाल तर पावकिलो ते अर्धा किलो फरक पडेल, त्यातला बराचसा फोल्डिंग (घडी होणारा, हलका) टायर घालून निघतो, आणि तो निघतो कुठून तर फिरत्या चाकातून, तिथेच तर सुटताना जाणवतो. शंभर डॉलरच्या आतलं काम.

ॲल्युमिनियम घेताना मात्र ६०६१ मिश्रधातू असेल तर वेल्डिंगनंतर पूर्ण हीट ट्रीटमेंट झालीय का विचारा, नाहीतर सांध्याजवळचा धातू मऊ राहतो.

टी७००
भट्टीवाले, अर्धंच सांगताय राव. ॲल्युमिनियमला थकव्याची मर्यादाच नसते, म्हणजे लोड कितीही कमी असो, पुरेशा वेळा दिला की कधीतरी चीर जाणारच, आणि बीएमएक्समध्ये प्रत्येक लँडिंग म्हणजे एक फटका. चांगल्या लेअपची (थरांच्या मांडणीची) कार्बन या बाबतीत कितीतरी सोशिक. तुमची ती ४०० वाली दोन वर्षांनी कोणी विकत घेणार नाही, कार्बन मात्र तेव्हाही निम्म्या किमतीला जाईल. पोराची गोडी टिकवायची तर चांगली वस्तू द्या, सगळं हिशोबातच बसवायचं असतं का.

भट्टीवाला
थकवा मान्य, पण इथे नवी ॲल्युमिनियम विरुद्ध वापरलेली कार्बन चाललंय! वापरलेली म्हणजे कुणीतरी पाडलेली. ॲल्युमिनियम बहुतेक वेळा आधी चीर दाखवतं, हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबच्या (खालची तिरकी नळी) सांध्यापाशी, ड्रॉपआउटपाशी (मागचं चाक बसतं ती खाच), रंगात केसासारखी रेघ येते, धूळ धरते. कार्बन आतून सुटलेलं असलं तरी वरची लॅकर (पारदर्शक लेप) चकचकीत राहू शकते.

चेनस्टे
मग तपासा की. बॉटम ब्रॅकेट काढायला लावा आणि टॉर्च टाकून आतून बघा. नाण्याने हळूहळू टकटक करत जा, आवाज टणक येतो, जिथे बद्द येईल तिथे थांबा, तिथे थर सुटलेत. मग सुतळी : एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. मिलिमीटरभर इकडेतिकडे सोडून द्या, तीनचार निघालं तर मागचा भाग वाकडा आहे, बाईक कायम एका बाजूला ओढणार.

आणि ६५० मध्ये भागत नाही हे पण ऐका. कार्बनला प्रेसफिट (दाबून बसवायचं) बॉटम ब्रॅकेट, तुमच्याकडचं आट्याचं बसणार नाही. मागे १५ मिमीचा एक्सल असेल तर तुमचा १० चा हब (चाकाचा मधला भाग) गेला. हेड ट्यूब टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) असणार, जुना फोर्क (पुढचं चाक धरणारा) ॲडॉप्टरने बसेल पण दिसेल कसातरीच. डिस्क ब्रेकचीच जागा असेल तर ब्रेकपण नवा. बेरीज करा.

ह्यूस्टनची_आई
हे मात्र खरंय, आमचा हब असाच पडून आहे.

शार्लटवाला_बाबा
आज बघून आलो. सुतळी व्यवस्थित, दोन्हीकडे सारखं. नाण्याचा आवाज सगळीकडे टणक, फक्त सीट क्लॅम्पच्या (सीटचा दांडा आवळणारी कडी) बरोबर खाली अर्ध्या इंचाची बारीक आडवी रेघ आहे, नखाला किंचित लागते. विकणारा म्हणतो लॅकर आहे. एक्सल १५ चाच निघाला. किंमत ५५० वर आणली त्याने.

टी७००
क्लॅम्प जास्त आवळला की तिथे लॅकर तडकतेच, बऱ्याच फ्रेमना असतं. बीएमएक्समध्ये सीटवर बसतंय कोण! ५५० ला घ्या, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरा, विषय संपला.

भट्टीवाला
रेसमध्ये बसत नाही, पण लँडिंग चुकलं की पोरगं आदळतं त्याच सीटवर. नखाला लागते म्हणजे मी तरी लॅकर म्हणणार नाही. वॉरंटी पहिल्या मालकाची असते, तुम्हाला मिळणार नाही. आणि शंभर डॉलर न मागता कमी केले त्याने?

शार्लटवाला_बाबा
मागितले होते मी. पण रेघ दाखवल्यावर लगेच केले, हेही खरं. बायकोचं म्हणणं एक्सपर्टच घ्या. पोराला विचारलं तर त्याला फक्त रंग हवाय, कार्बनवाली काळी आहे आणि त्याला केशरी पाहिजे.

चेनस्टे
केशरी एक्सपर्टमध्ये मिळतेय का बघा.

टी७००
काळीला रॅप (रंगीत फिल्म चिकटवणं) करता येतं. ५५० ला परत अशी मिळणार नाही, सांगून ठेवतो.