लग्नाआधी आजीची वंशावळ: रब्बींच्या १९६२च्या सूचना चूक की बरोबर?

रेवदंडा_ते_अश्दोद:
१९५३च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हाती गेले. नागरी विवाहाची सोय तिथे नाही, म्हणून कित्येक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात. कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तिथे लग्नाला उभे राहिले, तेव्हा काही रब्बींनी नोंदणीच नाकारली. १९६१मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने ‘यांच्याशी लग्नाला बंदी नाही’ असं ठरवलं. आणि पुढच्याच वर्षी मुख्य रब्बी निस्सीम यांच्या सूचना निघाल्या: बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी आली की तिची आई, आईची आई, अशी जमेल तितकी मागची चौकशी करा. घराण्यात कुणी परधर्मात लग्न केलं का, कुणाचा घटस्फोट धर्माच्या रीतीविना झाला का, तेही बघा.

किहीम, झिराड, नवगावात घाणा चालवणाऱ्या, शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या आमच्या शनवार तेल्यांनी हे कागद कुठून आणायचे? किहीमकर, झिराडकर हे आडनाव हाच आमचा दाखला. माझं मत स्पष्ट आहे: याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. हा अपमान होता.

हलाखा_वाचक:
दादा, अपमान झाला हे मान्य, पण रब्बींची अडचण खोटी नव्हती. ज्यू घटस्फोटाला ‘गेट’ लागतो. बारा ओळींचा हाताने लिहिलेला कागद, नवऱ्याने साक्षीदारांसमोर बायकोच्या हातात द्यायचा. तो न देता बाई दुसऱ्या घरी नांदली, तर धर्माच्या लेखी ती पहिल्याचीच बायको. दुसऱ्यापासून झालेलं मूल ‘मम्झेर’ ठरतं आणि त्याला सर्वसाधारण ज्यूशी लग्न करता येत नाही. त्याच्या मुलांनाही नाही. कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, तंटे जमातीतलेच काजी मिटवत. मग गेट कोण लिहीत होतं, हा प्रश्न येणारच.

ठाण्याची_लेक:
येईल ना, पण उत्तरही ऐकून घ्या. आपल्याकडे पूर्वी विधवेचं लग्न लावत नसत, आणि काडीमोड क्वचितच. जिथे दुसरं लग्नच मुश्कील, तिथे मम्झेर येणार कुठून? संशय जुनाच आहे. १८३६मध्ये मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी दफनभूमीत आपल्यात आणि त्यांच्यात भिंत मागितली होती. तेव्हा कुठला गेट आडवा आला होता?

चेऊलकर:
आपण मात्र धुतल्या तांदळासारखे, असं कुणी समजू नये. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल हा भेद आपणच पाळला. मिश्र लग्नातून झालेली म्हणून काळ्यांना मुली द्यायच्या नाहीत, त्यांच्या पंगतीला बसायचं नाही. म्हणजे आईकडचं घराणं तपासायची रीत आपल्याही घरात होती. रब्बींनी विचारलं की अन्याय, आपण विचारलं की रिवाज?

रेवदंडा_ते_अश्दोद:
तोही अन्यायच होता, मी त्याची बाजू घेणार नाही. पण एका चुकीने दुसरी बरोबर होत नाही. मोरोक्कोच्या मुलाला जे सरसकट विचारलं नाही, ते फक्त आम्हाला, आमच्या जमातीचं नाव लिहून विचारलं. म्हणून तर १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये उपोषणाला बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. मग सूचनांतून आपलं नाव निघालं आणि ‘जिच्याबद्दल शंका आहे अशी कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आले.

हलाखा_वाचक:
नाव निघालं हे योग्य झालं. चौकशी राहिली, तेही मला योग्य वाटतं. नियम सगळ्यांना एकच हवा, पण नियमच नको असं म्हणाल तर मी तुमच्याबरोबर नाही.

ठाण्याची_लेक:
शंका कुणाच्या चेहऱ्यावरून येते, हे मात्र नोंदणी करणाऱ्या माणसाच्या मनावर सोडलंय. तिथे माझा विश्वास बसत नाही.

बाकी वाद चालू द्या, पण इथल्या मुलींसाठी एक लिहिते. भारतात कायमचं बेथ दिन, म्हणजे धर्मन्यायालय, नाही. कोर्टातून घटस्फोट मिळाला की सुटलो असं वाटतं, पण पुढे इस्रायलला जाऊन दुसरं लग्न करायचं ठरलं की गेटशिवाय ते लागत नाही, आणि तोवर नवरा कुठे गेला ते कळत नाही. कोर्टात तडजोड होते तेव्हाच वकिलाला सांगून ‘गेट देईन’ हे नवऱ्याकडून लिहून घ्या. मग बेथ दिनची सोय बाहेरून करता येते.