शर्यत रंगावी म्हणून नियम बदलायचे का?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

२०२५ची मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत आम्ही घरी सगळे जमून पाहिली. मी, धाकटा भाऊ आणि त्याचे कळव्याचे दोन मित्र. साडेसहाला सुरू झाली. साडेसातच्या सुमारास भावाने विचारलं, "दादा, हा मुद्दाम हळू का चालवतोय?" मला कारण माहीत होतं, पण सांगताना वाईट वाटलं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. २०२४ला मोनॅकोत पहिल्याच फेरीत अपघात होऊन रेड फ्लॅग लागला, म्हणजे शर्यत थांबवली. थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले, त्यामुळे पुढे पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) येण्याची गरजच उरली नाही. पहिले १० जसे उभे होते तसेच शेवटी आले. त्यावर तोडगा म्हणून २०२५ला फक्त मोनॅकोपुरता नियम आला: प्रत्येकाने टायरचे किमान तीन संच वापरायचे, म्हणजे दोनदा थांबायचं.

संघांनी पळवाट काढलीच. तिथे पिट-स्टॉपला साधारण २० सेकंद जातात. समजा, एका संघाच्या मागच्या गाडीने दर फेरीला तीन सेकंद हळू चालवलं, तर सातेक फेऱ्यांत पुढच्या गाडीला फुकटात थांबण्याइतकं अंतर मिळतं. मागच्यांना रस्ताच नाही, ते रांगेत अडकतात. लॉसनने संघातला जोडीदार हाजारसाठी हेच केलं, मग विल्यम्सच्या अल्बन आणि साइंझने एकमेकांसाठी. रसेल शेवटी वैतागून शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून अल्बनच्या पुढे गेला आणि शिक्षा भोगली. व्हर्स्टापेनने रेड फ्लॅगची वाट बघत दुसरा थांबा शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत लांबवला. नॉरिस, लक्लेर, पियास्त्री, व्हर्स्टापेन हे पहिले चौघे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले.

जगातल्या सर्वांत वेगवान २० चालकांपैकी काहींना हळू चालवल्याचं बक्षीस देणारा नियम मला मान्य नाही. नियमाने मैदान आखून द्यावं. कोणी कधी थांबायचं, हे संघाने आणि चालकाने ठरवावं. ओव्हरटेक झाले नाहीत याचं कारण दोन मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब गाडी गल्लीत घातली होती, हे आहे. इलाज तिथे करा.

तुम्हाला काय वाटतं?

नेरूळ_कबड्डी

पूर्ण असहमत.

मी १९ वर्षं कबड्डी खेळलो, आधी मातीवर, मग मॅटवर. आमच्या वेळी आघाडी घेतलेला संघ काय करायचा? चढाईपटू रेषा ओलांडायचा, दोन पावलं नाचायचा आणि परत यायचा. दहा-दहा मिनिटं हेच. प्रेक्षक उठून वडापाव खायला जायचे. मग 'करो या मरो' चढाई आली: दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. तो नियम रंगत यावी म्हणूनच आला. त्याने खेळ खोटा झाला का? उलट खरा चढाईपटू कोण, ते तिसऱ्या चढाईला दिसायला लागलं. सात जण वाट बघत उभे आहेत आणि तुला जायचंच आहे, हा दाब मी स्वतः अंगावर घेतलाय.

मोनॅकोचा नियम अर्धवट होता, एवढंच म्हणा. थांबे कोणत्या फेऱ्यांच्या आत घ्यायचे हे ठरवून दिलं असतं तर शेवटपर्यंत लांबवण्याचा खेळ झाला नसता. एक नियम फसला म्हणून नियम करणंच चूक, हे पटत नाही.

आणि फॉर्म्युला वनमध्येही असे नियम चाललेत. १९९४ ते २००९ शर्यतीत इंधन भरता यायचं. त्यामुळेच २००४ला मॅन्यी-कूरला शूमाकर चार वेळा थांबूनही अलोन्सोला हरवून जिंकला. त्या डावपेचाची मजा आजच्या पोरांना कशी कळणार?

वागळे_इस्टेट_गॅरेज

काका, कबड्डीबद्दल बोलणार नाही, तुमचा अधिकार आहे. पण इंधन भरणं परत नको.

गाड्या दुरुस्त करण्यात माझी २२ वर्षं गेली. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळलं की काय होतं, ते एकदाच पाहिलंय. गाडी वाचली, माझ्या पोराच्या हाताचे केस जळाले. त्या दिवसापासून गॅरेजात इंजिन थंड झाल्याशिवाय इंधनाच्या पाइपला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. १९९४ला हॉकनहाइमला योस व्हर्स्टापेनच्या (आताच्या व्हर्स्टापेनच्या वडिलांच्या) बेनेटन गाडीवर पेट्रोल उडालं आणि अख्खी गाडी क्षणात पेटली. २००८ला सिंगापूरला फेरारीचा चालक मासा इंधनाचा पाइप तसाच ओढत निघाला. तो पुढे होता, त्या शर्यतीत एकही गुण मिळाला नाही आणि विजेतेपद एका गुणाने गेलं.

धागाकर्त्याशी मी सहमत आहे: मुळाशी जा. २०२६चे नियम निदान तिथे जातात. रुंदी २००० मिलिमीटरवरून १९००, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ३६०० वरून ३४००, किमान वजन ७६८ किलो. इंजिनातला एमजीयू-एच गेला, हे मेकॅनिक म्हणून मला आवडलं. एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारा तो भाग अफाट गुंतागुंतीचा आणि महाग होता, नवीन कंपन्या त्याला बिचकायच्या.

पण विजेची मोटर १२० किलोवॅटवरून ३५० वर नेली, त्याची मला काळजी वाटते. निम्मी ताकद बॅटरीतून यायची तर ती बॅटरी दर फेरीला भरायला हवी. म्हणजे सरळ पट्टा संपायच्या आधीच पाय उचलून वीज साठवणं आलं. सर्वांत जोरात जाण्याच्या जागी जपून चालवायचं? मला ते बघवणार नाही.

ऐरोलीकर_अनघा

धागाकर्ते, तुमचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण 'जुनं ते बरं' याचा वास येतो. २०१८ला हेलो (चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) आला तेव्हा किती आरडाओरडा झाला, आठवतंय? गाडी कुरूप झाली, चालकाचा चेहरा दिसत नाही, धाडस संपलं. मीसुद्धा त्यात होते. मग २०२०ला बहरीनला ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाले, आगीत तो सुमारे २८ सेकंद होता, आणि त्यातून स्वतः उडी मारून बाहेर आला. हेलो नसता तर त्याचं डोकंच वाचलं नसतं. त्या रात्री मी टीव्हीसमोरून उठले नाही. तेव्हापासून नवीन नियम आला की आधी एक हंगाम बघते, मग बोलते.

घोडबंदरकर (धागाकर्ता)

अनघाताई, सुरक्षेच्या नियमाला माझा कधीच विरोध नाही. तो रंगतीसाठी नसतोच.

माझी भीती कुठून येते ते सांगतो. २००५ला नियम होता की पूर्ण शर्यत एकाच टायरसंचावर काढायची. न्यूरबर्गरिंगला रायकोनेन पुढे होता, त्याचा टायर घासून चपटा झाला, तरी बदलणं परवडेना. शेवटच्या फेरीत सस्पेन्शन तुटलं. काही आठवड्यांनी इंडियानापोलिस. मिशलनचे टायर तिथल्या वळणावर टिकत नव्हते. मूळ दोष टायरचाच, पण तडजोड निघाली नाही आणि १४ गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये परतल्या. सहा गाड्यांची शर्यत झाली. त्यात आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, भारताला फॉर्म्युला वनमधले पहिले पाच गुण मिळाले. मी तेव्हा आठवीत होतो, रात्री जागून बघत होतो. प्रेक्षक मैदानात बाटल्या फेकत होते आणि बाबा म्हणाले, "टाळ्या वाजव, आपला माणूस आहे." मी वाजवल्या. पण असा गुण मला नको होता.

नेरूळकर काका, थांब्यांच्या फेऱ्या ठरवल्या तरी मुद्दाम हळू चालवणं कसं रोखणार? २००३ ते २०१० संघाचे आदेश द्यायलाच बंदी होती. २०१०ला हॉकनहाइमला मासाला रेडिओवर फक्त इतकंच सांगितलं की जोडीदार अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगात आहे. त्याने ओळखलं आणि वाट दिली. एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि २०११ला बंदीच उठवली. माणसाच्या मनातला हेतू नियमाने कसा मोजणार?

नेरूळ_कबड्डी

पंच कशाला असतो मग? आमच्याकडे चढाईपटूचा दम सुटला की नाही हे पंच कानाने ठरवत आलेत. मापपट्टी नव्हती, तरी मॅच व्हायची.

वागळे_इस्टेट_गॅरेज

हे वाचून काल संध्याकाळी गॅरेजच्या फरशीवर खडूने दोन गाड्यांच्या रुंदीच्या रेघा आखल्या, जुन्या मापाने आणि नव्या मापाने. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर आधी चार मीटर लागत होते, आता तीन मीटर ८० सेंटीमीटर. फरक वीतभर. हाताखालची पोरं दोन्ही रेघांमध्ये उभी राहून वाद घालत होती की एवढ्यात मोनॅकोत चाक घुसवता येईल का. एक हो म्हणतो, दोन नाही म्हणतात. रेघा अजून पुसल्या नाहीत.

नेरूळ_कबड्डी

लांबीच्या पण आखा. हेअरपिनला (यू आकाराच्या वळणाला) रुंदीपेक्षा लांबीच आड येते. रविवारी येतो बघायला.