पाच जणांचे स्वॅब एकत्र तपासून किट वाचतात, मग ऐन लाटेत तसं का नाही केलं?

गणितसर_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. हायस्कूलला गणित शिकवतो. संभाव्यता म्हटलं की फासे, नाणी आणि पत्ते; पोरं जांभया देतात. यंदा पूल टेस्टिंग घेऊन बघावं म्हणतोय. पाच जणांचे नमुने मिसळून एकच आरटीपीसीआर करायची. निगेटिव्ह आली तर पाचही सुटले, पॉझिटिव्ह आली तर पाचांची वेगवेगळी करायची. इथपर्यंत पोरांना सांगता येईल.

माझं घोडं पुढं अडलंय. २०२१ च्या मे-जूनमध्ये आपल्याकडं कोल्हापुरात रिपोर्टसाठी माणसं ताटकळत होती. किट वाचवायची खरी गरज तेव्हाच होती ना? स्टाफरूममध्ये एक जण म्हणतो, "सरकारी आळस, दुसरं काय!" मला ते पटत नाही, पण त्याला गप्प करायला उत्तरही नाही.

पिपेटवाली
सर, आळस नव्हे, तुमचं गणितच आडवं आलं. मी त्या काळात टेक्निशियन होते. लॅब कुठली ते विचारू नका.

१०० माणसं घ्या, लागण २ टक्के. पाच-पाचचे २० पूल. दोन बाधित दोन वेगळ्या पुलांत पडले तर आणखी १० टेस्ट. ३० टेस्टमध्ये १०० जणांचा निकाल. झकास!

आता लागण २० टक्के धरा. पुलातले पाचही जण निगेटिव्ह असण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ०.३३. म्हणजे २० पैकी तेरा-चौदा पूल पॉझिटिव्ह. त्यातल्या ६७-एक जणांची परत टेस्ट. एकूण ८७. वाचल्या १३, आणि त्यापायी ६७ माणसं दुसऱ्या रनची वाट बघत बसणार. बाधित माणूस तर हमखास त्यातच. ज्याला रिपोर्ट सगळ्यात आधी मिळायला हवा, त्यालाच सगळ्यात उशिरा.

म्हणून आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) १३ एप्रिल २०२० च्या सूचनेतच लिहिलं होतं: पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्यांत बाधित निघणाऱ्यांचं प्रमाण, २ टक्क्यांखाली असेल तिथं पूल करा, तोही जास्तीत जास्त पाचचा. २ ते ५ टक्के असेल तर फक्त सर्वेक्षणासाठी, लक्षणं नसलेल्यांचा. ५ च्या वर नकोच. जून २०२१ मध्ये अनलॉकचे स्तर ठरले तेव्हा आपला जिल्हा १० टक्क्यांच्या वर होता, चौथ्या स्तरात. महाद्वार रोडच्या बाजारातली बंद शटरं आठवतात ना?

एक गैरसमज मात्र पोरांच्या डोक्यातून काढा. आम्ही काड्या एका बाटलीत कोंबत नव्हतो. प्रत्येकाची काडी त्याच्या-त्याच्या व्हीटीएमच्या (व्हायरस टिकवणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्येच. त्यातलं थोडं द्रव पिपेटनं काढून मिसळायचं, उरलेलं फ्रिजमध्ये. पूल पॉझिटिव्ह आला तरी माणसाला परत बोलवून नाकात काडी घालायला नको. पण हात राबतात हो! पाच ट्यूब उघडा, मोजून घ्या, नंबर जुळवा. पहाटे पीपीई किटात घामाघूम असताना एक नंबर हुकला की पाच घरांत गोंधळ. हा खर्च तुमच्या सूत्रात दिसत नाही.

भडंगवाला_जयसिंगपूर
ताई, एक शंका. चार निगेटिव्ह माणसांचं पाणी एकात ओतल्यावर व्हायरस पातळ नाही का होणार? सापडायचा कसा?

पिपेटवाली
होतोच की दादा. पण पीसीआरमध्ये प्रत्येक सायकलला व्हायरसचा जनुकीय माल साधारण दुप्पट होतो. पाचपट पातळ झालेला नमुना सव्वादोन-अडीच सायकल उशिरा दिसतो, एवढंच. सीटी (म्हणजे कितव्या सायकलला व्हायरस दिसला तो आकडा) २२ असलेला माणूस २४-२५ ला दिसेल, काही बिघडत नाही. जो मुळातच ३५ च्या आसपास आहे, तो निसटू शकतो. ५० जणांचा पूल का करत नाहीत, त्याचं निम्मं उत्तर हेच.

ढोरांचा_डाक्टर_कागल
सर, ही युक्ती कोरोनाची नव्हे. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन या माणसानं अमेरिकेतल्या लष्करभरतीत सिफिलिसचे रुग्ण शोधायला ती कागदावर मांडली. रक्ताचे नमुने मिसळून.

आणि आम्ही दुधावर करतोच की. ब्रुसेलोसिस या जनावरांच्या संसर्गजन्य रोगासाठी मिल्क रिंग टेस्ट. बऱ्याच गाईंच्या एकत्र दुधाचा नमुना घ्यायचा, त्यात रंगवलेलं अँटिजेन (त्याच रोगाचे मारलेले जंतू) टाकायचं. कळपात रोग असेल तर वर येणाऱ्या सायीला निळसर-जांभळं कडं धरतं. मग एकेका गाईचं रक्त. कळप मोठा असला की दूध जास्त घ्यावं लागतं, कारण एका गाईचं दूध त्या गर्दीत हरवतं. भडंगवाल्यांची शंका आम्हालाही आहेच. पण रोग कमी असलेल्या गावात एकेका गाईमागं सुई घेऊन पळण्यापेक्षा लई बरं.

गणितसर_राजारामपुरी
वा! पेपर तयारच झाला म्हणायचा. ताई, आणखी एक. ०.८ चा पाचवा घात करताना पाचही जण एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत. एका घरातले पाच असले तर?

पिपेटवाली
तर फायदाच. बाधित एकाच पुलात गोळा होतात, बाकीचे पूल कोरे राहतात. वरच्या २ टक्क्यांच्या उदाहरणात ते दोघे नवरा-बायको असून एका पुलात पडले, तर ३० ऐवजी २५ टेस्ट. पण घरात एक आधीच बाधित निघालेला असेल तर त्याच्या संपर्कातल्यांना पुलात घालू नका, सरळ वेगळी टेस्ट करा.

दहावीला गृहपाठ हवाच असेल तर हा द्या: पाचच्या पुलात किती टक्के लागणीला १०० माणसांमागं बरोबर १०० टेस्ट होतात? साडेसत्तावीसच्या आसपास यायला पाहिजे. नाही आलं तर वही इथं टाका, बघू.