बाबांची पोटावरची शौचाची पिशवी काढण्यासाठी आणखी एक ऑपरेशन करावं का? अनुभव हवे आहेत

नमस्कार. बाबांचं वय ६४, मधुमेह आहे, राहतात कराडला. गेल्या वर्षी डायव्हर्टिक्युलायटिसमुळे (आतड्याच्या भिंतीवरच्या छोट्या फुगवट्यांना सूज येते तो आजार) त्यांच्या मोठ्या आतड्याला भोक पडलं, पोटात पू पसरला आणि रातोरात ऑपरेशन करावं लागलं. हार्टमन म्हणतात ते. खराब भाग काढला, वरचं टोक पोटावर डावीकडे आणून पिशवी लावली, खालचं टोक शिवून आतच ठेवलं. पुढे जखमेत पू झाला, टाके उसवले आणि पोट पुन्हा शिवायला थिएटरमध्ये न्यावं लागलं. त्यातून ते वाचले याबद्दल डॉक्टरांचे उपकारच आहेत.

आता मधल्या चिरेवर मोठा हर्निया आहे आणि पिशवीच्या शेजारीही फुगवटा आलाय. त्यामुळे पिशवीची चकती धड चिकटत नाही, खालच्या कडेने गळते आणि तिथली कातडी लाल होऊन सोलवटते. आई रोज पावडर, पेस्ट लावून निगुतीने बसवते, तरी उन्हाळ्यात घामाने दुपारपर्यंत सुटतेच. मध्यंतरी पोट फुगून उलट्याही झाल्या. आतडी एकमेकांना चिकटल्यामुळे अडथळा आला होता. नाकातून नळी आणि सलाईनवर सुटला, पोट उघडावं लागलं नाही.

एक सर्जन म्हणतात, आतडं जोडू आणि हर्नियाही त्याच वेळी दुरुस्त करू. दुसरे म्हणतात, हे मोठं ऑपरेशन आहे, चिकटलेलं सोडवताना आतड्याला इजा होऊ शकते, जोड गळू शकतो, आणि आतडं उघडलेलं असताना हर्नियाला आधार म्हणून जाळी बसवली तर तिला जंतुसंसर्गाची भीती. जोड सांभाळायला काही काळ उजवीकडे नवी पिशवी लागू शकते, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मते आधी साखर आणि प्रथिनं सुधारा (एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४ आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.९ आहे), तंबाखू पूर्ण बंद करा, मग पाहू. मला हे पटतं. पण बाबांना पिशवी नकोच आहे. एसटीने कुठे जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून जेवत नाहीत. प्रथिनं वाढवायची ती अशी कशी वाढणार?

कुणाच्या घरी हार्टमन उलटवण्याचं, म्हणजे पिशवी काढून आतडं परत जोडण्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याआधी काय तपासलं होतं? आत ठेवलेल्या टोकाची दुर्बिणीने तपासणी झाली होती का? जोडल्यावर शौचावर ताबा कसा राहिला? सुरुवातीला बऱ्याच वेळा जावं लागतं म्हणतात, ते किती महिने चाललं? आणि ज्यांनी विचार करून पिशवी कायम ठेवली, त्यांचंही ऐकायचं आहे. हर्नियाच्या फुगवट्यावर बसणारी चकती, पट्टा काही मिळतं का? स्टोमा नर्स (अशा पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्स) पुणे, सातारा, कोल्हापूर भागात कुठे भेटतात? मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाशी कुणी संपर्क केला असेल तर तेही सांगा.

निर्णय डॉक्टरांशी बोलूनच होईल. पण त्यांना नेमकं काय विचारायचं हे आम्हाला कळायला हवं. उत्तरं मी बाबांना वाचून दाखवणार आहे. अनुभव वाईट असला तरी लिहा, त्यांनाही तो ऐकायचाय. पुढच्या महिन्यात सर्जनना भेटायचं आहे.